आयजीए नेफ्रोपॅथी : लघवीच्या तपासणीपासून बायोप्सीपर्यंत आणि पुढे

ज्यांच्या हातात नुकताच आयजीए नेफ्रोपॅथीचा, म्हणजे आयजीए नावाची प्रतिपिंडे मूत्रपिंडात साचून होणाऱ्या आजाराचा, अहवाल पडला आहे, किंवा ज्यांना किडनीची बायोप्सी, म्हणजे सुईने तुकडा काढून तपासणी, करून घ्यायला सांगितले आहे आणि मनाचा निर्णय होत नाही, त्यांच्यासाठी हा अनुभव लिहीत आहे. मी साताऱ्यात राहते, एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात नोकरी करते आणि आजार लक्षात आला तेव्हा छत्तीस वर्षांची होते. खाली औषधांची नावे आणि डोस आले आहेत, ते माझ्या वजनाला, माझ्या अहवालांना आणि माझ्या डॉक्टरांच्या निर्णयाला धरून आहेत. त्यावरून कोणी स्वतःचे औषध ठरवू नये.

ऑगस्ट २०२३ मध्ये घसा दुखून ताप आला आणि दुसऱ्याच दिवशी लघवी कोऱ्या चहाच्या रंगाची झाली. जळजळ नव्हती, पोटात दुखत नव्हते. जवळच्या डॉक्टरांनी मूत्रमार्गाचा संसर्ग धरून प्रतिजैविके दिली, कल्चरमध्ये काही जंतू वाढले नाहीत, चार-पाच दिवसांत रंग निवळला आणि विषय तिथेच मिटला. घशाचा संसर्ग आणि लघवीतून रक्त या दोन गोष्टी एक-दोन दिवसांच्या अंतराने घडणे ही या आजाराची ओळखीची खूण आहे, हे मला पुढे समजले. घशाच्या संसर्गानंतर मूत्रपिंडाला सूज येण्याचा दुसराही एक प्रकार आहे, पण त्यात लघवीचा रंग बदलायला साधारण एक ते तीन आठवडे जातात. त्यामुळे डॉक्टरांना सांगताना ताप कोणत्या तारखेला आला आणि रंग कोणत्या तारखेला बदलला, हे दोन्ही सांगावे.

सप्टेंबरमध्ये महाविद्यालयात आरोग्य तपासणीचे शिबिर झाले. माझा रक्तदाब १५०/९६ निघाला, लघवीत अल्ब्युमिन हे प्रथिन दोन अधिक आणि लाल रक्तपेशी पंधरा ते वीस. शिबिरातील डॉक्टरांनी त्या पेशींचा आकार पाहून घ्यायला सांगितले, कारण पेशी वेड्यावाकड्या झालेल्या असतील तर रक्त मूत्राशयातून येत नसून मूत्रपिंडातील सूक्ष्म गाळण्यांतून, म्हणजे ग्लोमेरुलसमधून, येत असल्याची शक्यता बळावते. माझ्या बहुतेक पेशी तशाच होत्या. रक्तातील क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडे बाहेर टाकतात तो टाकाऊ पदार्थ, १.३ आले. प्रयोगशाळेने छापलेली मर्यादा १.१ होती, त्यामुळे घरात सर्वांचे मत ‘जरासं वाढलंय’ असे पडले. परंतु स्त्रीचे वय आणि क्रिएटिनिन यांवरून काढलेला ईजीएफआर, म्हणजे मूत्रपिंडे दर मिनिटाला किती रक्त गाळतात याचा अंदाज, ५४ भरत होता, आणि हा आकडा साठच्या खाली तीन महिन्यांहून अधिक काळ टिकला तर तो जुनाट मूत्रपिंडविकाराचा तिसरा टप्पा मानला जातो. क्रिएटिनिनचा आकडा दशांशांत सरकतो आणि त्यामागे कार्यक्षमतेचा मोठा हिस्सा गेलेला असतो. पुढे मी दर वेळी अहवालात ईजीएफआर छापून मागू लागले.

पुण्यातील नेफ्रॉलॉजिस्टची, म्हणजे मूत्रपिंडतज्ज्ञांची, वेळ मिळायला दोन आठवडे लागले. ऑक्टोबरच्या पहिल्या भेटीत त्यांनी फारसे काही न सांगता तपासण्यांची यादी दिली : चोवीस तासांच्या लघवीतील प्रथिने, एएनए, सी३ आणि सी४, हिपॅटायटिस बी व सी, एचआयव्ही, साखर, आणि मूत्रपिंडांची सोनोग्राफी. यातील बऱ्याच तपासण्या ल्युपससारखे (त्यात प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते) दुसरे आजार वगळण्यासाठी असतात आणि त्यांचे निकाल निर्दोष येणे हीच बातमी असते. सगळ्यांचा मिळून खर्च नऊ हजारांच्या आसपास झाला. रक्तदाबासाठी अॅम्लोडिपिन सुरू झाले, कारण तो आटोक्यात आल्याखेरीज कोणी बायोप्सीला हात लावत नाही.

चोवीस तासांची लघवी जमा करणे हे काम ऐकायला सोपे वाटते, पण माझ्या पुढच्या दोन वर्षांचे सगळे निर्णय याच एका कॅनवर अवलंबून होते, म्हणून थोडे सविस्तर लिहिते. प्रयोगशाळेतून पाच लिटरचा कॅन मिळतो. ज्या दिवशी सुरुवात करायची त्या सकाळची पहिली लघवी टाकून द्यायची आणि वेळ लिहून ठेवायची. त्यानंतरची प्रत्येक लघवी कॅनमध्ये आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळेची पहिली लघवीसुद्धा कॅनमध्येच. मी हे रविवारी करते, कॅन मोरीत सावलीला, थंड पाण्याच्या बादलीत ठेवते आणि सोमवारी कामावर जाताना देऊन जाते. मासिक पाळीत, तापात किंवा अंगमेहनतीच्या दुसऱ्या दिवशी ही तपासणी करू नये. प्रथिनांबरोबर त्याच नमुन्यातील क्रिएटिनिनही मोजायला सांगावे, कारण ते वजनाच्या मानाने फार कमी आले तर जमा करताना काही लघवी सुटली आहे हे कळते. शक्यतो प्रयोगशाळा बदलू नये. माझ्या पहिल्या कॅनमध्ये प्रथिने २.१ ग्रॅम निघाली. निरोगी माणसात ती ०.१५ ग्रॅमपेक्षा कमी असतात.

दुसऱ्या भेटीत बायोप्सीचा विषय निघाला. घरी आल्यावर सासूबाई म्हणाल्या, “अगं, लघवीतून थोडी प्रथिनं जातात म्हणून कुणी किडनीत सुई घालून घेतं का?” हाच प्रश्न मी डॉक्टरांना जरा शिष्ट भाषेत विचारला होता. त्यांचे उत्तर असे होते की, रक्ताची कोणतीही तपासणी या आजाराचे नक्की निदान करत नाही. ऊतीचा तुकडा काढून, त्यावर चमकणारी द्रव्ये लावून आयजीए नावाची प्रतिपिंडे गाळण्यांत साचली आहेत का, हे पाहावेच लागते. १९६८ मध्ये पॅरिसच्या जाँ बर्जे आणि निकोल अँग्ले यांनी हा आजार याच पद्धतीने प्रथम वेगळा ओळखला आणि अजूनही निदानाचा मार्ग तोच आहे. शिवाय जखम ताजी आहे की व्रण होऊन बसली आहे, हेही तुकडाच सांगतो आणि दाह कमी करणारे स्टिरॉइड द्यायचे की नाही ते बरेचसे त्यावर ठरते. हे दुसरे कारण मला पटले.

दिवाळी उरकून २८ नोव्हेंबरची तारीख घेतली. त्याआधी हिमोग्लोबिन, प्लेटलेट, रक्त गोठण्याच्या चाचण्या आणि रक्तगट झाला. अॅस्पिरिनसारख्या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेत असाल तर त्या किती दिवस आधी थांबवायच्या हे आधीच विचारून ठेवावे. आरोग्यविमा २०१७ पासूनचा असल्यामुळे कॅशलेसचा अर्ज निर्धास्तपणे केला होता, पण दाखल व्हायच्या आदल्या संध्याकाळी तो नामंजूर झाल्याचा संदेश आला. कारण दिले होते ‘एक्सक्लूजन ०४’. आरोग्यविम्याच्या पॉलिसींमध्ये हे ठरावीक कलम असते : केवळ तपासणी आणि मूल्यमापन यांसाठी रुग्णालयात दाखल झाल्यास खर्च मिळत नाही. ती रात्र मुख्यतः पैशांची जुळवाजुळव करण्यात गेली. तसे पाहिले तर त्यामुळे सुईची काळजी करायला सवड मिळाली नाही.

प्रत्यक्ष बायोप्सी अर्ध्या तासाची आहे. पोटाखाली चादरीची घट्ट गुंडाळी देऊन पालथे झोपवतात, सोनोग्राफीने डाव्या मूत्रपिंडाचे खालचे टोक शोधून पाठीवर पेनाने खूण करतात आणि जागा बधिर करण्याचे इंजेक्शन देतात, ते मात्र चांगलेच झोंबते. मग डॉक्टर म्हणतात, श्वास घ्या, थोडा सोडा, आता धरून ठेवा. स्प्रिंगचा खट् असा आवाज होतो, आत खोलवर कोणीतरी ढकलल्याची जाणीव होते, दुखत नाही. माझ्याकडून दोन तुकडे घेतले. एक फॉर्मेलिनच्या बाटलीत गेला, दुसरा वेगळ्या द्रवात. तो दुसरा तुकडा आयजीए पाहण्यासाठी असतो आणि फॉर्मेलिनमध्ये टाकला तर त्या तपासणीला नीट उपयोगी पडत नाही, म्हणून जिथे बायोप्सी करणार तिथे इम्युनोफ्लुओरेसन्सची, म्हणजे चमकणारी द्रव्ये लावून पाहण्याची, सोय आहे ना, एवढे आधी विचारून घ्यावे.

त्यानंतरचे तास जास्त कंटाळवाणे असतात. उताणे पडून राहायचे, पाठ उचलायची नाही, लघवीसुद्धा पलंगावरच. परिचारिका प्रत्येक लघवीतील थोडी थोडी लघवी काचेच्या नळीत घेऊन त्यावर चिकटपट्टी लावून वेळ लिहीत होत्या आणि नळ्या खिडकीच्या उजेडात ओळीने ठेवत होत्या. दोन दहाची नळी लालसर, साडेचारची फिकट, सातची जवळपास पिवळी. रंग उतरत गेला की आतला रक्तस्राव थांबत आला. दुसऱ्या दिवशी सोनोग्राफीत मूत्रपिंडाभोवती रक्ताची लहानशी गाठ दिसली, ती बऱ्याच जणांत दिसते आणि आपोआप विरते असे सांगून मला घरी सोडले. खंबाटकी घाटातून लगेच एसटीने परत जाण्याऐवजी दोन दिवस धनकवडीला भावाकडे राहिले. पुढचे दोन आठवडे घागर, गॅसची टाकी आणि ग्रंथालयातील जाड खंड यांना हात लावायचा नव्हता. रुग्णालयाचे बिल बत्तीस हजार आणि ऊतीच्या तपासणीचे साडेसहा हजार झाले.

अहवाल डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आला. आयजीए तीन अधिक, सी३ दोन अधिक, आणि खाली एक ओळ : एम१ ई० एस१ टी१ सी०. ही ऑक्सफर्ड वर्गीकरणाची नोंद आहे. एम म्हणजे गाळण्यांतील आधारपेशींची वाढ, ई म्हणजे गाळण्यांच्या आतल्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांतील दाह, एस म्हणजे गाळणीच्या एखाद्या भागात पडलेला व्रण, टी म्हणजे भोवतालच्या नलिकांचा कायमचा ऱ्हास आणि सी म्हणजे चंद्रकोरीच्या आकाराची तीव्र जखम. माझ्यासाठी टी१ सर्वांत महत्त्वाचे होते : नलिकांचा सव्वीस ते पन्नास टक्के भाग आधीच गेलेला होता आणि तो परत येणार नव्हता. म्हणजे आजार ऑगस्टमध्ये सुरू झालेला नव्हता, कित्येक वर्षे बिनबोभाट चालू होता. त्या दिवशी मी फार रडले. सी०, म्हणजे चंद्रकोरीची जखम नसणे, ही त्यातली चांगली बाजू आहे, हे यजमानांनी परतीच्या वाटेवर शिरवळपर्यंत मला निदान तीनदा ऐकवले.

आजार का होतो हे डॉक्टरांनी कागदावर आकृती काढून समजावले. आयजीए हे घसा, आतडे अशा ठिकाणच्या संरक्षणासाठी शरीर बनवते ते प्रतिपिंड. या आजारात त्याच्या काही रेणूंवर गॅलॅक्टोज ही साखर कमी बसते, शरीर अशा रेणूंना परके समजून त्यांच्याविरुद्ध दुसरी प्रतिपिंडे तयार करते, दोन्हींची जोडगोळी रक्तातून फिरत मूत्रपिंडात अडकते आणि तिथे दाह सुरू होतो. घशाच्या संसर्गात आयजीए वाढते, म्हणून त्याच वेळी रक्त दिसते. यावरून टॉन्सिल काढून टाकावेत का, असे मी विचारले. जपानमध्ये तसे करतात, आपल्याकडे त्याचा उपचार म्हणून आग्रह धरत नाहीत, असे उत्तर मिळाले.

औषधांची सुरुवात टेल्मिसार्टन ४० मिलिग्रॅमने झाली आणि पुढे ८० वर नेली. ते केवळ रक्तदाबासाठी नसते, गाळण्यांवरील दाब उतरवून प्रथिनांची गळती कमी करणे हे त्याचे मुख्य काम. ते गरोदरपणात चालत नाही, त्यामुळे डॉक्टरांनी आधी दुसऱ्या मुलाचा विचार आहे का, हे स्पष्ट विचारले. तरुण स्त्रियांनी, कोणी विचारले नाही तरी, हा विषय स्वतः काढावा. दोन आठवड्यांनी क्रिएटिनिन १.४५ झाले तेव्हा औषधाने किडनी बिघडली असे वाटून मी गोळी बंद करायला निघाले होते. या औषधाने सुरुवातीला क्रिएटिनिन तीस टक्क्यांपर्यंत चढू शकते आणि तेवढे चालते, पण रक्तातील पोटॅशियम वाढत नाही ना हे पाहावे लागते, असे फोनवर समजल्यावर गोळी चालू ठेवली. फेब्रुवारीत डॅपाग्लिफ्लोझिन १० मिलिग्रॅम आले. हे मधुमेहाचे औषध, पण मधुमेह नसलेल्या मूत्रपिंडविकारातही उपयोगी असल्याचे २०२० च्या मोठ्या चाचणीत दिसले होते. त्याने जननेंद्रियाच्या जागी बुरशीचा संसर्ग होऊ शकतो, तेव्हा स्वच्छता सांभाळावी. आणि उलट्या-जुलाब होऊन पाणी कमी पडत असेल त्या दिवशी हे आणि टेल्मिसार्टन दोन्ही थांबवून डॉक्टरांना कळवावे, अशी सूचना मला लेखी मिळाली आहे. टेल्मिसार्टन मी जनऔषधी केंद्रातून घेते, तिथे ते बरेच स्वस्त पडते.

मिठाबद्दल मला वाटत होते की आमच्या घरचे जेवण बेताच्याच मिठाचे आहे. डॉक्टरांनी त्याच चोवीस तासांच्या कॅनमधील सोडियम मोजायला लावले. ते १९० मिलिमोल आले, म्हणजे दिवसाला सुमारे अकरा ग्रॅम मीठ, आणि मर्यादा पाच ग्रॅमची, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा. भाकरी आणि भातातले मीठ आधी बंद केले, ते दोन आठवड्यांत कोणाला जाणवेनासे झाले. ठेचा, लोणचे, पापड आणि फरसाण सोडणे जड गेले. दुकानात ‘कमी सोडियमचे मीठ’ मिळते त्यात पोटॅशियम असते, टेल्मिसार्टन घेणाऱ्याने ते विचारल्याशिवाय वापरू नये. डाळी मात्र बंद करायला कोणी सांगितले नाही. माझ्या ५८ किलो वजनाला दिवसाला ४५ ग्रॅमच्या आसपास प्रथिने ठरली आणि त्यात वरण, दही, एखादे अंडे बसते. अंगदुखीला डायक्लोफिनॅक आणि आयबुप्रोफेन कायमचे बंद, पॅरासिटॅमॉल चालते. ओळखीच्यांनी काढे आणि भस्मे सुचवली, ती मी घेतली नाहीत.

विम्याची फाइल दरम्यान चालू होती. प्रतिपूर्तीचा अर्ज डिस्चार्जनंतर महिन्याच्या आत दिला : डिस्चार्ज कार्ड, तपशीलवार बिल, पैसे भरल्याच्या पावत्या, सर्व अहवाल आणि रद्द केलेला धनादेश. प्रत्येक कागदाची झेरॉक्स आपल्याजवळ ठेवावी, कारण मूळ कागद परत मिळत नाहीत. जानेवारीत पुन्हा तेच कलम दाखवून दावा फेटाळला गेला. तेव्हा नेफ्रॉलॉजिस्टनी पत्र दिले की दाखल करणे निव्वळ तपासणीसाठी नव्हते. निदान झालेल्या मूत्रपिंडविकारात उपचार ठरवण्यासाठी ही शस्त्रक्रिया आवश्यक होती आणि रक्तस्रावाच्या धोक्यामुळे रात्रभर निगराणी ठेवावी लागली. ते पत्र जोडून कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल केला आणि उत्तर न आल्यास पुण्यातील विमा लोकपालांकडे जाईन असे त्यात लिहिले. मार्चअखेर हातमोजे वगैरे किरकोळ साहित्य वजा करून बाकीची रक्कम जमा झाली. माझ्या मते हे पत्र बायोप्सीच्या आधीच घेऊन कॅशलेसच्या अर्जाला जोडावे.

एप्रिल २०२४ मध्ये प्रथिने १.३ ग्रॅमवर आली होती. सुधारणा होती, पण पुरेशी नव्हती, म्हणून स्टिरॉइडचा विचार सुरू झाला. या आजारात स्टिरॉइड तपासणाऱ्या टेस्टिंग नावाच्या चाचणीत भारतातील रुग्णही होते. तिच्यात आधी जास्त डोस दिला गेला, गंभीर जंतुसंसर्ग होऊ लागल्याने तो कमी केला आणि कमी डोसनेही फायदा दिसल्याचे २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. मला त्याच कमी डोसाने मिथाइलप्रेडनिसोलोन २४ मिलिग्रॅम दोन महिने आणि मग दरमहा चार चार मिलिग्रॅम कमी करत नोव्हेंबरअखेरपर्यंत द्यायचे ठरले. त्याआधी छातीचा एक्स-रे आणि क्षयरोगाची तपासणी झाली, न्यूमोनियाविरुद्धची न्यूमोकॉकलची लस घेतली. फुप्फुसाच्या एका संसर्गाला आळा घालण्यासाठी सल्फाची गोळी सोबत होती. तीही पोटॅशियम वाढवते, म्हणून रक्ततपासणी वारंवार झाली.

स्टिरॉइडचे महिने सोपे नव्हते. गोळी सकाळी खाऊन घेतली तरी पहाटे तीनला जाग यायची, भूक आवरत नव्हती, चेहरा भरला आणि जेवणानंतरची साखर १६८ पर्यंत गेली. चिडचिड इतकी वाढली की मुलीने एकदा विचारले, “आई, तुझ्या गोळ्या कधी संपणार?” गणपतीत मी आरतीला मास्क लावून उभी राहिले, बाहेरच्या गर्दीत गेले नाही. हे औषध एकदम बंद करणे धोक्याचे असते, त्यामुळे गावाला जाताना दोन ठिकाणी वेगवेगळ्या गोळ्या ठेवत असे. ऑक्टोबरमध्ये प्रथिने ०.६ ग्रॅम, तर स्टिरॉइड संपल्यावर फेब्रुवारी २०२५ मध्ये ०.४५ ग्रॅम झाली. पूर्वी एक ग्रॅमच्या खाली आले की समाधान मानत. केडीआयजीओ या मूत्रपिंडविकारांवरील आंतरराष्ट्रीय संस्थेच्या २०२५ च्या सूचनांनी अपेक्षा अर्ध्या ग्रॅमच्या खाली, शक्य तर ०.३ पर्यंत आणली आहे. अमेरिकेत २०२१ पासून आतड्यात सुटणारे बुडेसोनाइड, स्पार्सेंटन, इप्टाकोपॅन अशी खास या आजाराची औषधे मंजूर होत गेली. त्यांपैकी एकही मी घेतलेले नाही.

सध्या क्रिएटिनिन १.३ ते १.३५ मध्ये आहे, ईजीएफआर बावन्नच्या आसपास. सोडियम १०५ मिलिमोलपर्यंत उतरले आहे, म्हणजे मीठ अजून सहा ग्रॅम होतेच. रक्तदाब सकाळी पाच मिनिटे शांत बसून घरच्या यंत्रावर पाहते आणि वहीत लिहिते; डॉक्टर भेटीत आधी ती वही मागतात. दर तीन महिन्यांनी रक्त आणि लघवी, सहा महिन्यांनी पुण्याची फेरी असा क्रम आहे. हा आजार बहुतेक वेळा एका घरात एकालाच होतो, क्वचित नात्यातही आढळतो, म्हणून मुलीची आणि धाकट्या बहिणीची साधी लघवीची तपासणी आणि रक्तदाब करून घेतला. दोघींचेही निर्दोष आले. बहिणीने पुढच्या वर्षी पुन्हा करायचे कबूल केले आहे, मुलीची मी शाळेच्या सुट्टीत करून घेणार आहे.